परकेपण आणि ओळख : एस. ई. हिंटन यांच्या कुमार कादंबऱ्यांचा विचार

प्रस्तावना

इंग्रजीत ज्या लेखनाला 'यंग ॲडल्ट' असे म्हटले जाते, त्यासाठी मराठीत अद्याप एकच एक संज्ञा स्थिरावलेली नाही. 'किशोरसाहित्य' आणि 'कुमारसाहित्य' हे दोन्ही शब्द वापरले जातात; परंतु ते उच्चारताच मनासमोर येते ते बालसाहित्याचेच थोडे वाढलेले रूप. बारा ते अठरा वर्षांच्या वाचकाचे स्वतःचे असे काही दुःख असते आणि ते बालपणाच्या किंवा प्रौढपणाच्या मापाने मोजता येत नाही, ही जाणीव या संज्ञांतून पुरेशी व्यक्त होत नाही. अमेरिकेतही ही जाणीव फार जुनी नाही. तेथे तिला निश्चित आकार देणाऱ्या पुस्तकांत 'द आउटसायडर्स' (१९६७) या कादंबरीचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. ही कादंबरी लिहिणारी व्यक्ती स्वतःच त्या वयाची होती, ही बाब केवळ चमत्कारिक योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

एस. ई. हिंटन यांच्या लेखनातील परकेपण आणि ओळख या दोन सूत्रांचा त्यांच्या जीवनाच्या पार्श्वभूमीवर परामर्श घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. इंग्रजी विभागातील अभ्यासकांच्या मनात 'आउटसायडर' या शब्दाबरोबर अल्बेर काम्यू यांचा नायक येतो. तो एकटा असतो आणि त्याचे परकेपण तत्त्वचिंतनातून उलगडते. हिंटन यांच्या कादंबरीचे शीर्षक मात्र अनेकवचनी आहे. त्यांचे 'बाहेरचे' लोक टोळीने राहतात, एकमेकांची सिगारेट ओढतात, एकाच्या घरी दुसरा झोपतो. त्यांना बाहेरचे ठरवले आहे ते शहराने.

टल्सा शहर आणि एक विद्यार्थिनी

सुझन इलॉइज हिंटन यांचा जन्म २२ जुलै १९४८ रोजी ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथे झाला. तेलाच्या व्यवसायावर वाढलेले हे शहर. हिंटन तेथील विल रॉजर्स हायस्कूलमध्ये शिकत होत्या. शाळेत श्रीमंत वस्तीतील मुले आणि गरीब वस्तीतील मुले यांचे स्पष्ट गट पडलेले होते. पहिल्या गटाला 'सोश' म्हणत, म्हणजे 'सोशल' या शब्दाचे लघुरूप. दुसऱ्या गटाला 'ग्रीझर' म्हणत, कारण ही मुले केस लांब वाढवून त्यांना भरपूर तेल चोपडत. हिंटन यांचे मित्र दोन्ही बाजूंना होते, मात्र त्या स्वतः कोणत्याच गटाच्या नव्हत्या. चित्रपट पाहून घरी परतणाऱ्या त्यांच्या एका मित्राला केवळ तो ग्रीझर दिसतो म्हणून मारहाण झाली. या प्रसंगाच्या संतापातून लेखनाला प्रारंभ झाला, असे हिंटन यांनी अनेकदा सांगितले आहे. कादंबरीचा आरंभही जवळपास अशाच घटनेने होतो.

लेखन सुरू झाले तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. बरेचसे काम सोळाव्या वर्षी झाले. याच काळात त्यांचे वडील मेंदूच्या कर्करोगाने आजारी होते आणि त्या आजारातच त्यांचे निधन झाले. कादंबरीत निवेदकाचे आईवडील अपघातात गेलेले आहेत, तीन भाऊ एकमेकांना धरून राहत आहेत, आणि मृत्यू प्रत्यक्ष घडूनही तो घडलाच नाही असे निवेदक काही काळ स्वतःला समजावत राहतो. घरातील शोकाचा या पानांशी नेमका कोणता धागा जुळतो, हे ठामपणे सांगणे धाडसाचे ठरेल. मात्र ही कादंबरी केवळ टोळीयुद्धाची गोष्ट म्हणून वाचली, तर तिच्यातील निम्मे दुःख हातातून निसटते.

त्याच वर्षी शाळेतील सर्जनशील लेखनाच्या विषयात हिंटन यांना 'डी' श्रेणी मिळाली होती. ही हकिगत त्या नंतर गमतीने सांगत असत. अध्यापकांनी ती थोडी गंभीरपणे घ्यावी अशी आहे. शाळेतील पदवीदान समारंभाच्या दिवशी प्रकाशनाचा करार हाती आला आणि एप्रिल १९६७ मध्ये व्हायकिंग प्रेसने पुस्तक प्रसिद्ध केले. लेखिका त्या वेळी अठरा वर्षांच्या होत्या आणि टल्सा विद्यापीठात पहिल्या वर्षाला शिकत होत्या.

नावाविषयीचा निर्णय येथेच झाला. मुलग्यांच्या टोळ्यांवरील, मुलाच्या तोंडून सांगितलेली ही गोष्ट 'सुझन' या नावाने आली, तर पुरुष समीक्षक ती हाती घेण्याआधीच तिच्यावर अविश्वास दाखवतील, अशी प्रकाशकांना शंका होती. म्हणून मुखपृष्ठावर केवळ आद्याक्षरे आली. बाह्य चिन्हांवरून माणसाची किंमत ठरवू नये, असे सांगणाऱ्या पुस्तकाच्या लेखिकेला स्वतःचे एक बाह्य चिन्ह झाकून वाचकांपुढे यावे लागले. हिंटन यांनी यावर कधी फारशी तक्रार केलेली दिसत नाही. खाजगी जीवन आणि लेखकीय जीवन वेगळे ठेवण्यासाठी ही आद्याक्षरे उपयोगी पडली, असेच त्यांनी म्हटले आहे.

'ग्रीझर' हे नाव कोणी दिले?

मराठीत 'आयडेंटिटी' या एका शब्दासाठी दोन शब्द वापरले जातात : 'अस्मिता' आणि 'ओळख'. व्यवहारात त्यांच्या छटा भिन्न आहेत. 'अस्मिता' बहुधा समूहाची असते. प्रांताची, भाषेची, जातीची. 'ओळख' मात्र एका माणसाची असते आणि ती पटवून द्यावी लागते. हिंटन यांच्या कादंबरीतील संघर्ष समजून घेण्यास हा भेद विशेष उपयुक्त आहे. 'ग्रीझर' ही अस्मिता आहे. ती प्रथम दुसऱ्यांनी शिवीसारखी फेकली, मग मुलांनी ती उचलून अभिमानाने मिरवली. निवेदक पोनीबॉय कर्टिस हा चौदा वर्षांचा मुलगा या अस्मितेच्या आश्रयाने जगतो आणि तिच्याच ओझ्याखाली गुदमरतो. तो पुस्तके वाचतो, चित्रपट एकट्याने पाहतो, सूर्यास्त पाहत थांबतो. हे सारे टोळीच्या व्याख्येत बसत नाही, याची त्याला जाणीव आहे.

ही अस्मिता किती बाह्य आहे, हे केसांच्या प्रसंगातून उत्तम रीतीने प्रकट होते. बागेत सोश मुले पोनीबॉयचे डोके कारंज्याच्या पाण्यात दाबून धरतात. त्याला वाचवण्यासाठी त्याचा मित्र जॉनी केड बॉब शेल्डन या मुलावर चाकू चालवतो आणि बॉब मरतो. दोघे पळून जाऊन विंड्रिक्सव्हिल या गावाजवळच्या डोंगरावरील एका ओसाड चर्चमध्ये लपतात. पोलिसांना ओळख पटू नये म्हणून जॉनी पोनीबॉयचे केस कापतो आणि रसायन लावून ते फिकट पिवळे करतो. कथानकाच्या दृष्टीने हा वेषांतराचा साधा उपाय. पण पोनीबॉयला तो घाव वाटतो. गरीब मुलाकडे स्वतःचे म्हणता येईल असे फारसे काही नसते. घर पडके, कपडे भावाचे उतरलेले. केस तेवढे स्वतःचे होते. ते गेल्यावर आरशात कोण उरतो, हा प्रश्न हिंटन यांनी कोणतेही भाष्य न करता त्या पानावर तसाच ठेवला आहे.

त्याच चर्चला पुढे आग लागते. सहलीला आलेली लहान मुले आत अडकतात आणि पोनीबॉय व जॉनी त्यांना बाहेर काढतात. जळते तुळवट कोसळून जॉनीच्या पाठीचा कणा मोडतो. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात या मुलांचे शौर्य छापून येते. कालपर्यंतचे 'गुंड' एका रात्रीत 'वीर' ठरतात. वृत्तपत्राच्या लेखी बदल घडलेला असतो; मुलांच्या लेखी मात्र काहीच बदललेले नसते, कारण गुंड हे नावही त्यांनी घेतलेले नव्हते आणि वीर हेही नाही. नाव देण्याचा अधिकार दोन्ही वेळा दुसऱ्यांच्याच हाती राहतो. समीक्षकांनी या भागावर भडकपणाचा आरोप केला आहे आणि तो सर्वस्वी चुकीचा नाही. आग, योगायोग, रुग्णालयातील मृत्यू यांची गर्दी येथे होते. तरीही वृत्तपत्राच्या मथळ्याचा हा तपशील लेखिकेच्या वयाच्या मानाने आश्चर्यकारक जाण दाखवतो.

चेरी व्हॅलन्स ही सोश गटातील मुलगी. चित्रपटगृहाबाहेर पोनीबॉयशी तिचा मोकळेपणाने संवाद होतो. शहराच्या दोन टोकांवरून दोघेही एकच सूर्यास्त पाहतात, हे पोनीबॉयच्या लक्षात येते. हा भाग शाळांमधून वारंवार शिकवला जातो आणि त्यातून बहुधा 'आपण सारे एकच' असा सोपा निष्कर्ष काढला जातो. कादंबरी तितकी भाबडी नाही. निरोप घेताना हीच चेरी त्याला सांगते की शाळेत भेट झाली आणि आपण ओळख दाखवली नाही, तर त्याने वाईट वाटून घेऊ नये. सूर्यास्त सामायिक असला तरी शाळेच्या मार्गिकेत तो उपयोगी पडत नाही. सहानुभूती असणे आणि ती चारचौघांत दाखवणे यांतील अंतर हिंटन यांना ठाऊक होते. ज्या महाविद्यालयांत वसतिगृहाची मुले आणि मोटारीने येणारी मुले एकाच बाकावर बसतात, तेथील अध्यापकांना हे अंतर वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे रँडी या सोश मुलाशी झालेली भेट. रँडी मृत बॉबचा जवळचा मित्र. रात्रीच्या मोठ्या मारामारीत आपण उतरणार नाही, असे तो सांगतो. ग्रीझर जिंकले तरी ते जेथे होते तेथेच, तळाशी राहणार, हे त्याला कळून चुकले आहे. बॉबचे आईवडील त्याला कधीच 'नाही' म्हणाले नाहीत, असेही तो सांगतो. पोनीबॉय परत येतो तेव्हा मित्र विचारतो, तो सोश काय म्हणत होता? पोनीबॉयच्या उत्तराचा आशय असा, की तो सोश नव्हता, नुसता एक मुलगा होता. संपूर्ण कादंबरीत अस्मितेकडून ओळखीकडे जाणारी वाट येथे सर्वांत स्पष्ट दिसते. लक्षात घेण्यासारखे म्हणजे ही वाट पोनीबॉयला स्वतःविषयी विचार करताना सापडत नाही. दुसऱ्याच्या अंगावरचे नाव काढून टाकताना ती सापडते.

डॅलस विन्स्टनला मात्र ती कधीच सापडत नाही. जॉनीच्या मृत्यूनंतर तो दुकान लुटतो, रिकामे पिस्तूल पोलिसांवर रोखतो आणि मारला जातो. उरलेला पोनीबॉय नापास होण्याच्या बेतात असतो. त्याचे इंग्रजीचे शिक्षक त्याला सांगतात की एक चांगला निबंध लिहून दिलास तर उत्तीर्ण करीन. तो वही उघडतो आणि लिहू लागतो. जे लिहितो तेच हे पुस्तक असते, आणि कादंबरीचे शेवटचे वाक्य पहिल्या वाक्याकडे परत येते. ज्या वर्षी लेखिकेला लेखनाच्या विषयात 'डी' मिळाला, त्याच वर्षी तिने असा शिक्षक कल्पिला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

नंतरच्या कादंबऱ्या

पहिल्या यशानंतर हिंटन यांचे लेखन काही वर्षे पूर्णपणे थांबले. पुढे ज्यांच्याशी त्यांचा १९७० मध्ये विवाह झाला, त्या डेव्हिड इनहॉफ यांनी रोज दोन पाने लिहिण्याचा आग्रह धरला. पाने झाल्याशिवाय फिरायला जायचे नाही, असा दंडक होता. त्यातून 'दॅट वॉज देन, धिस इज नाऊ' (१९७१) पूर्ण झाली. टल्सा विद्यापीठातून शिक्षणशास्त्राची पदवी घेऊनही त्या अध्यापनाच्या व्यवसायात गेल्या नाहीत.

या दुसऱ्या कादंबरीची शैली अधिक आवळलेली आणि दृष्टी अधिक कठोर आहे. ब्रायन आणि मार्क सख्ख्या भावांसारखे एका घरात वाढलेले. मार्क अमली पदार्थ विकतो हे कळताच ब्रायन पोलिसांना दूरध्वनी करतो. कायद्याने पाहता त्याने योग्य तेच केले. पण त्यानंतर तो कोण आहे, हे त्याला उमगत नाही. पहिल्या कादंबरीत समाज माणसाला बाहेर ढकलतो. येथे माणूस स्वतःच्या निर्णयाने, आपल्याच घरात परका होतो.

'रंबल फिश' (१९७५) या कादंबरीचे मूळ १९६८ मध्ये 'निमरॉड' या टल्सा विद्यापीठाच्या वाङ्मयीन नियतकालिकात आलेल्या लघुकथेत आहे. रस्टी-जेम्सला आपल्या थोरल्या भावासारखे, 'मोटरसायकल बॉय'सारखे व्हायचे आहे. हा थोरला भाऊ रंगांध आहे, त्याला ऐकूही अधूनमधून कमी येते, आणि सारे शहर त्याला दंतकथेतील पुरुष मानते. त्याला स्वतःला त्या दंतकथेत रस नाही. दुसऱ्याची ओळख उसनी घेऊन जगू पाहणाऱ्या मुलाची ही शोकांतिका आहे. हिंटन यांच्या पुस्तकांत ती वाङ्मयीन दृष्ट्या सर्वांत धाडसी मानावी लागेल, जरी लोकप्रियतेत ती मागे राहिली.

'टेक्स' (१९७९) मध्ये नायकाला ऐन कुमारवयात कळते की ज्यांना तो वडील समजत होता ते त्याचे जन्मदाते नाहीत. 'टेमिंग द स्टार रनर' (१९८८) मध्ये ट्रॅव्हिस हा पंधरा वर्षांचा मुलगा सावत्र वडिलांवर हल्ला केल्यानंतर काकांच्या घोड्यांच्या फार्मवर येतो. तेथे त्याची कादंबरी प्रकाशक स्वीकारतो. कुमारांसाठीच्या या पाचही कादंबऱ्यांत तृतीयपुरुषी निवेदन केवळ शेवटच्या कादंबरीत आहे. स्वतःच्या अनुभवाच्या सर्वांत जवळ जाणारा नायक निर्माण करताना लेखिकेने 'मी' सोडून 'तो' स्वीकारला, हे सूचक आहे. त्यानंतर बालकांसाठी दोन पुस्तके आणि प्रौढांसाठी 'हॉक्स हार्बर' (२००४) ही कादंबरी आली. त्यांचा येथील विषयाशी फारसा संबंध नाही.

वर्गखोलीतील वाचक

'द आउटसायडर्स'पूर्वी कुमारांसाठी पुस्तके नव्हती असे नव्हे. मॉरीन डेली यांची 'सेव्हन्टीन्थ समर' (१९४२) चांगली वाचली जात होती. परंतु त्या परंपरेचा भर शाळेतील नृत्यसमारंभ, पहिले प्रेम, सुट्टीतील गमती यांवर होता. आपल्या वयाच्या मुलांचे खरे जग या पुस्तकांत नाही, असा आक्षेप हिंटन यांनी १९६७ मध्येच 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पुस्तक पुरवणीतील लेखात घेतला होता. पुढे पॉल झिंडेल यांची 'द पिगमन' (१९६८) आणि रॉबर्ट कॉर्मियर यांची 'द चॉकलेट वॉर' (१९७४) आली आणि या प्रवाहाला बळ मिळाले.

पुस्तकाचा प्रसार जाहिरातींपेक्षा शिक्षकांनी अधिक केला. वर्गात एरवी पुस्तक न उघडणारी मुले हे वाचतात, असे त्यांच्या लक्षात आले. त्याच वेळी टोळ्या, दारू आणि हिंसा यांच्या चित्रणामुळे काही शाळांत व ग्रंथालयांत त्यावर आक्षेपही घेतले गेले. कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो येथील लोन स्टार शाळेच्या विद्यार्थ्यांनी व ग्रंथपालांनी १९८० मध्ये फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांना सह्यांचे पत्र पाठवून या कादंबरीवर चित्रपट काढण्याची विनंती केली. कोपोला यांनी ती मानली. १९८३ मध्ये चित्रपट आला आणि त्याच वर्षी त्यांनी 'रंबल फिश'ही पडद्यावर आणली. १९८८ मध्ये कुमारसाहित्यातील योगदानासाठी दिला जाणारा मार्गारेट ए. एडवर्ड्स पुरस्कार सुरू झाला, त्याच्या पहिल्या मानकरी हिंटन होत्या. चित्रपटात कर्टिस बंधूंचे म्हणून दाखवलेले टल्सातील घर २०१९ पासून संग्रहालय म्हणून खुले झाले.

जे या पानांत नाही

हिंटन यांच्या मर्यादांची चर्चा बहुधा स्त्रीपात्रांपाशी येऊन थांबते. चेरीचा अपवाद वगळता त्यांच्या मुली पुसट आहेत. लेखिकेच्या मते त्या काळात मुलींच्या वाट्याला केस बसवणे आणि वाट पाहणे एवढेच येत असे. मुलांच्या दृष्टीतून लिहिणे त्यांना सोपे वाटले. हे स्पष्टीकरण प्रामाणिक आहे. पण त्यामुळे मुलींच्या परकेपणाची कथा अलिखित राहिली, हेही तितकेच खरे.

याहून मोठी पोकळी वंशाच्या संदर्भात आहे. ३१ मे आणि १ जून १९२१ रोजी याच टल्सा शहरातील ग्रीनवुड ही समृद्ध कृष्णवर्णीय वस्ती गोऱ्या जमावाने जाळून उद्ध्वस्त केली. शेकडो घरे आणि दुकाने नष्ट झाली, अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर कित्येक दशके शहराने या घटनेविषयी मौन पाळले आणि शाळांतून ती शिकवली गेली नाही. ज्या शहरात बाहेर ढकलल्या गेलेल्यांचा असा इतिहास आहे, तेथे घडणाऱ्या 'बाहेरच्यां'च्या कादंबरीत कृष्णवर्णीय माणसाला स्थान नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला यासाठी दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. तिच्याभोवतीचे मौन तिने निर्माण केलेले नव्हते. दुसऱ्या कादंबरीत रुग्णालयातील माइकच्या हकिगतीतून हा विषय क्षणभर डोकावतो. त्याने एका कृष्णवर्णीय मुलीला आपल्याच मित्रांच्या छळातून सोडवून घरी पोहोचवले आणि तेथे तिच्या बाजूच्या मुलांनी त्यालाच बेदम मारले. तरीही त्याच्या मनात तिच्याविषयी द्वेष नाही. मार्कला हे अनाकलनीय वाटते. प्रसंग प्रभावी आहे. तथापि तोही गोऱ्या मुलाच्या जखमेतूनच सांगितला जातो.

२०२४ मध्ये 'द आउटसायडर्स'चे संगीत नाट्यरूप ब्रॉडवेवर आले आणि त्याला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाचा टोनी पुरस्कार मिळाला. त्यात डॅलस विन्स्टनची भूमिका जोशुआ बून या कृष्णवर्णीय अभिनेत्याने केली. कादंबरीत डॅलस पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडतो. रंगमंचावर त्याचा मृत्यू तसा होत नाही. नट बदलल्याबरोबर तो प्रसंग मूळ रूपात दाखवणे अशक्य झाले होते.